समूहगान आणि दयेचा कान

समूहगानाची परीक्षा कोणत्या मापानें करावी, हा प्रश्न मराठी संगीतसमीक्षेनें आजवर फारसा मनावर घेतलेला नाहीं. आमचें टीकावाङ्मय मैफलीचें आहे. एक गवई, त्याचें घराणें, त्याची तान, त्याचा षड्ज, आणि भोंवतीं माना डोलविणारे जाणते लोक, एवढ्या परिघांत आमची रसिकता वाढली. दहा-वीस सामान्य गळे एकत्र येऊन जें गातात त्याला आम्ही शाळेची प्रार्थना म्हणतों, किंवा भजन म्हणून देवळांत सोडून देतों. त्याची चिकित्सा करावी असें आमच्या मनांत येत नाहीं. अशा स्थितींत, ज्यांच्या मेंदूची ठेवणच बहुसंख्यांहून निराळी आहे अशा प्रौढ स्त्रीपुरुषांचें समूहगान ऐकण्याचा प्रसंग आला म्हणजे आमची मोठी तारांबळ उडते. माप हातीं नसतें. म्हणून आम्ही रुमाल बाहेर काढतों.

हीं माणसें कोण, हें आधीं सांगितलें पाहिजे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम असे निरनिराळे शब्द वैद्य वापरतात. घरांत 'जरा साधा आहे', 'आपल्याच नादांत असतो' असें म्हणतात. आणि गल्लींतील पोरें जें म्हणतात तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस, १९९८ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियांतील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या व इतरांच्या लिखाणांतून एक कल्पना पुढें आली, ती अशी कीं, सृष्टींत जशी जीवांची विविधता तशीच माणसांच्या मेंदूंचीहि विविधता असते, आणि तिला सरसकट रोग म्हणूं नये. ही कल्पना सर्वस्वीं मान्य करण्यास आम्हांस अडचण वाटते. ज्या मुलाला भूक लागल्याचें सांगतां येत नाहीं, त्याच्या आईस विविधतेचें कौतुक ऐकविणें सोपें नाहीं. परंतु गाण्यापुरतें बोलावयाचें तर ही कल्पना उपयोगी आहे, कारण समूहगानाला निरनिराळे आवाज लागतातच. एकाच गळ्याच्या वीस प्रती उभ्या केल्या तर त्यास समूह म्हणतां येणार नाहीं.

अशा गायनाचे आमच्याकडील कार्यक्रम ज्यांनीं पाहिले असतील त्यांस पुढील वर्णन ओळखीचें वाटेल. प्रथम सत्कार होतो. शाल व श्रीफळ मिळतें तें पाहुण्यांस, गाणारांस नव्हे. मग निवेदक एकेका गाणाराचें व्यंग सविस्तर सांगतो, जणूं काय रागाचें नांवच सांगत आहे. नंतर ध्वनिमुद्रित वाद्यमेळ सुरू होतो, आणि त्याच्या पाठीमागें गाणारे धांवूं लागतात. पस्तीस-चाळीस वर्षांच्या पुरुषांच्या तोंडीं बालगीतें दिलेलीं असतात. कोणी अर्धी ओळ पुढें असतो, कोणी मागें. ध्वनिमुद्रण कोणासाठीं थांबत नाहीं. गाणें संपण्यापूर्वींच टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि त्यांत शेवटचा स्वर बुडून जातो.

आमचा आक्षेप गाणारांवर नाहीं, आणि योजकांच्या हेतूवर तर नाहींच नाहीं. पण योजकांच्या निवडीवर आहे व त्याहून अधिक ऐकणारांवर आहे. ज्या गायनांत उणें दाखविण्याची कोणासच मुभा नाहीं, तें गायन म्हणून कोणी ऐकलेलेंच नसतें. त्या टाळ्या गाण्याला मिळत नाहींत. आपण येथवर येऊन बसलों, एवढ्याबद्दल श्रोते स्वतःलाच त्या देत असतात. ध्वनिमुद्रणाऐवजीं एक पेटी आणि गाणारांकडे पाहून लय धरणारा एक तबलजी दिला असता, तर निम्मे दोष तेथेंच नाहींसे झाले असते. हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण दोष ऐकणें म्हणजे क्रूरपणा अशी समजूत होऊन बसली आहे.

या चालीला निराळें वळण देणारे प्रयोग महाराष्ट्रांत झाले आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनांत डॉ. विकास आमटे यांनीं २००२ मध्यें 'स्वरानंदवन' उभें केलें. कुष्ठमुक्त, अंध, अस्थिव्यंग अशा कलावंतांचा तो वाद्यवृंद महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडला. पण तेथें प्रश्न मुख्यत्वें शरीराचा होता. मेंदूच्या निराळेपणाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. अंध गवयाला गाणें कळतें कीं नाहीं अशी शंका कोणी घेत नाहीं; येथें मात्र गाणाराच्या समजेवरच लोकांचा विश्वास नसतो. त्यानें गाइलेलें बरोबर आलें तर तो चमत्कार, आणि चुकलें तर तें अपेक्षितच.

या अविश्वासाला उत्तर म्हणून दोन माणसांच्या हकीकती आम्ही वाचकांपुढें ठेवतों. दोघेहि परदेशचे, आणि दोघांच्याहि आयुष्यांत समूहगान आहे.

लिओ कॅनर या वैद्यानें १९४३ मध्यें स्वमग्नतेचें जें प्रसिद्ध वर्णन केलें, त्यांत अकरा मुलें होतीं. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. हा अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांतल्या फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवचा. वर्षाचा असतांनाच तो अनेक चाली बिनचूक गुणगुणत असे, अशी नोंद कॅनरनें केली आहे. जॉन डॉनव्हन व कॅरन झकर या दोन पत्रकारांनीं पुढें त्याचा शोध घेतला. त्यांचें 'इन अ डिफरंट की' हें पुस्तक २०१६ मध्यें निघालें. डोनाल्ड शिकला, १९५८ मध्यें पदवीधर झाला, गांवच्या बँकेंत नोकरीस राहिला, पुष्कळ देश एकट्यानें पाहून आला, आणि २०२३ मध्यें ८९ व्या वर्षीं वारला. घरीं पैसा होता, बँक आजोळची होती, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. गरिबाच्या घरीं जन्मता तर त्याचें काय झालें असतें, हें सांगावयास नकोच.

पण आम्हांस त्याच्या चरित्रांतील एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. महाविद्यालयांत असतांना तो पुरुषांच्या एका समूहगानांत होता. हा वृंद वाद्यांच्या साथीवांचून गात असे. अशा वृंदाला आरंभींचा स्वर मिळावा म्हणून एक लहानशी शिटी वापरण्याचा परिपाठ आहे. या वृंदाच्या संचालकाला ती कधीं लागली नाहीं, कारण पाहिजे तो स्वर तो सरळ डोनाल्डकडून घेई, असें त्या काळचा त्याचा एक सोबती सांगतो. म्हणजे डोनाल्डला तेथें कोणीं सांभाळून घेतलें नव्हतें; सारा वृंद त्याच्या स्वरावर उभा होता.

दुसरी हकीकत ऑलिव्हर सॅक्स यांच्या १९८५ च्या सुप्रसिद्ध पुस्तकांतली. पत्नीला टोपी समजणाऱ्या माणसाचें नांव ज्या पुस्तकाला आहे, त्याच पुस्तकांत 'अ वॉकिंग ग्रोव्ह' म्हणून एक लहानसें प्रकरण आहे. त्यांतला मार्टिन एकसष्ट वर्षांचा. तान्हेपणीं मेंदूच्या आवरणाच्या तापानें त्याची बुद्धि खुंटली. बाप मोठा गवई होता. न्यूयॉर्कच्या ऑपेऱ्यांत गात असे. मार्टिनला स्वरलिपि वाचतां येत नव्हती, गळाहि बेताचाच. तरी दोन हजारांहून अधिक संगीतिका त्याला पाठ होत्या, आणि ग्रोव्हच्या संगीतकोशाचे नऊ खंड बापानें वाचून दाखविले ते सगळे स्मरणांत होते. बाप वारल्यावर कांहीं वर्षांनीं तो शुश्रूषागृहांत आला. तेथें तो पोरकट, हट्टी, कोणालाहि नकोसा असा झाला. त्याची एकच मागणी होती: रविवारीं चर्चमध्यें जाऊन बाखचें गाणें गाऊं द्या. ती पुरी झाली. तेथील वृंदानें त्याचें स्वागत केलें तें सल्लागार म्हणून, कारण बाखच्या रचनेंत कोणता आवाज कोठें शिरतो हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नव्हतें. तो गाऊं लागतांच त्याचें पोरकटपण गळून पडे, असें सॅक्स लिहितात.

हें प्रकरण अनेकवार वाचावें असें आहे, तरी त्यावर आमचा एक आक्षेप आहे. सॅक्स यांचें सारें लक्ष मार्टिनवर आहे. संगीतानें त्याच्या अंतरंगांत काय केलें, हें ते विलक्षण कोमलतेनें पाहतात. पण त्या चर्चमधील इतर गाणारांकडे त्यांची दृष्टि क्वचितच जाते. त्यांना हा विक्षिप्त म्हातारा सोसला कसा? तो मधेंच चुका काढीत असेल तेव्हां त्यांनीं काय केलें? वैद्याच्या वहींत रोगी मोठा होतो आणि गांव लहान होतें. खरें पाहतां मार्टिनला परत उभें करण्याचें अर्धें काम त्या नांव नसलेल्या मंडळींनीं केलें आहे.

आणखी एक सावधगिरी. डोनाल्ड आणि मार्टिन हे असामान्य होते. एकाचा कान, दुसऱ्याची स्मृति. अशीं उदाहरणें वाचून लोक असें समजूं लागतात कीं, प्रत्येक निराळ्या मुलाच्या ठिकाणीं एक गुप्त दैवी देणगी असते. तसें नसतें. बहुतेकांचे गळे तुमच्याआमच्यासारखेच ओबडधोबड असतात. आणि ज्याच्यापाशीं देणगी नाहीं त्यालाहि गाण्यांत जागा मिळाली पाहिजे, हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

परदेशांत यासाठीं स्वतंत्र वृंद निघाले. व्हेनेझुएलांतील बार्किसिमेतो शहरीं १९९५ मध्यें 'कोरो दे मानोस ब्लांकास', म्हणजे पांढऱ्या हातांचा वृंद, स्थापन झाला. त्यांत एक भाग गळ्यानें गातो. दुसरा, बहुतांशीं बहिऱ्यांचा, पांढरे हातमोजे घालून हातांच्या हालचालींनीं तेंच गाणें दाखवितो. ही योजना आम्हांस रसिकतेच्या दृष्टीनें पटते, कारण तिच्यांत व्यंग झांकलेलें नाहीं व मिरविलेलेंहि नाहीं. त्यांतून एक नवा कलाप्रकार निघाला आहे. स्वतंत्र वृंदाचें समर्थन करावयाचें तर तें याच एका कारणानें: तेथें असें कांहीं निर्माण व्हावें, जें इतरत्र झालें नसतें. एरवीं वेगळी पंगत ती वेगळीच पंगत.

आमच्या वाङ्मयाकडे वळलें म्हणजे या बाबतींत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पैठणच्या एकनाथांनीं आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशा नांवांचीं भारुडें रचलीं. रचना म्हणून तीं उत्तम आहेत. परंतु त्यांत व्यंग हें परमार्थाला मुकलेल्या जीवाचें रूपक आहे. भारुड करणारा डोळे मिटून आंधळ्याचें सोंग आणतो; खरा आंधळा श्रोत्यांत बसलेला असतो, आणि आपल्या अंधपणाचा उपयोग झालेला ऐकतो. उलट महानुभावांच्या गद्यांत, गोविंदप्रभूंच्या चरित्रांत, लोकांस वेड्यासारख्या वाटणाऱ्या पुरुषाच्या हालचाली, त्यांचें स्वतःशींच बोलणें, वस्तूंशीं खेळणें, हें सारें एखाद्या साक्षेपी निरीक्षकानें टिपावें तसें टिपलें आहे. भक्तांच्या लेखीं ते ईश्वरावतार, तेव्हां त्यांस आजचें वैद्यकी नांव चिकटविणें हा उद्धटपणा होईल. परंतु निराळ्या वागणुकीकडे न हंसतां व न रडतां पाहण्याची शक्ति मराठी गद्याला तेराव्या शतकांतच आली होती, एवढें त्यावरून म्हणतां येतें. १९९१ च्या 'चौकट राजा' चित्रपटांत दिलीप प्रभावळकरांच्या नंदूनें सुशिक्षित महाराष्ट्राला रडविलें. तें रडणें खोटें नव्हतें, पण त्या रडण्यानंतर नंदूनें रोज संध्याकाळीं कोठें जावयाचें, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न आतां मंठ्यासारख्या गांवीं आणून पाहूं. पुण्यास १९६४ पासून 'कामायनी' आहे, डोंबिवलीजवळ खोणीस प्रौढांसाठीं 'घरकुल' आहे. स्वमग्न मुलांसाठीं कांहीं पाहावयाचें तर मंठेकरांस जालना ओलांडून छत्रपति संभाजीनगर गांठावें लागतें. कपाशी-सोयाबीनच्या हंगामांत रोजगार बुडवून दर आठवड्यास तेवढा प्रवास कोण करणार? पाश्चात्त्य पद्धतीचा वृंद, चार पट्ट्यांतील आवाज, त्यांचा संचालक, हें येथें आणावयाचें म्हटलें तर तें नाटकच होईल. पण समूहगान येथें नाहीं असें कोण म्हणेल? अखंड हरिनाम सप्ताह या भागांत गांवोगांव होतात. पहांटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन व जागर, आणि शेवटच्या दिवशीं काला, हा क्रम ठरलेला.

या क्रमाकडे कलेच्या दृष्टीनें पाहावें, ही आमची वाचकांस विनंति आहे. स्वमग्न माणसाला अनपेक्षित बदलाचें भय असतें आणि ठरलेल्या गोष्टींत त्याला आधार वाटतो, हें आज सर्वमान्य आहे. हरिपाठाचा क्रम वर्षानुवर्षें तोच. ज्ञानदेवांचे २७ किंवा २८ अभंग, तीच चाल, तीच पावली. पुढचा गाणारा चरण उचलतो, मागचे टाळकरी तो धरतात. ज्याला सबंध चरण येत नाहीं त्याला ध्रुवपद येतें, ज्याला ध्रुवपद येत नाहीं त्याला नामाचा गजर येतो, आणि ज्याला बोलतांच येत नाहीं त्याच्या हातीं टाळ आहे. लय संथ सुरू होते व हळूहळू चढते, त्यामुळें अंगालाच ती आधीं समजते. चुकलेला माणूस पुढच्या आवर्तनांत पुन्हा सांपडतो. ध्वनिमुद्रणासारखी ती त्याला टाकून पुढें जात नाहीं. समूहगानाचें याहून उदार शिल्प आम्हांस ठाऊक नाहीं.

त्यांतहि वीणेचा पहारा. सप्ताहांत वीणा सात दिवस खालीं ठेवावयाची नाहीं, असा नियम आहे. माणसें पाळीपाळीनें ती गळ्यांत घालून उभीं राहतात, आणि पाळी संपली कीं दुसऱ्याच्या गळ्यांत देतात. या कामाला गळा लागत नाहीं. वेळ पाळणें, नेम न मोडणें, एका गोष्टींत चित्त धरून उभें राहणें, एवढेंच लागतें. ज्या गुणाला शहरांतले लोक हट्ट म्हणतात, तोच येथें पात्रता ठरूं शकतो. डोनाल्डनें वृंदाला स्वर दिला, त्याच जातीचें हें काम आहे.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, मग प्रश्न सुटलाच. आमच्या परंपरेंत सर्व आहे. तसें म्हणणाराशीं आमचें भांडण आहे. परंपरेंत जागा आहे, पण ती दिली जातेच असें नाहीं. देवळाच्या पायरीवर बसून टाळीवर टाळी देणारा असा एक तरी माणूस ज्यानें पाहिला नाहीं, असा खेडेगांवचा रहिवासी विरळा; पण त्याला उठवून रांगेंत उभा करणारे किती? त्याचा सूर फाटला तर पोरें हंसतात, आणि मोठीं माणसें पोरांस दटावण्याऐवजीं त्यालाच 'बस खालीं' म्हणतात. स्त्रियांची स्थिति याहून कठीण. अशी मुलगी वयांत आली कीं घरचे लोक तिला भीतीनें घरांतच ठेवतात, आणि ती भीति निराधार नसते. महिलांच्या भजनी मंडळांनीं हें काम हातीं घेतलें तर निदान आईबरोबर तिला बाहेर पडतां येईल.

शिवाय आवाज! कित्येक स्वमग्न माणसांच्या कानांस मोठा ध्वनि अक्षरशः दुखवितो. आज आमच्या देवळांतील ध्वनिक्षेपकांनीं धडधाकट माणसाचेंहि चित्त ठिकाणावर राहूं दिलेलें नाहीं. पन्नास टाळांचा कल्लोळ कर्ण्यांतून गांवभर फेंकणें याला भक्ति म्हणावें कीं दंगा, हें एकदां कीर्तनकारांनींच ठरवावें. ज्याला आपण गाण्यांत घेऊं पाहतों तो कान झांकून पळाला, तर दोष त्याच्या मेंदूचा कीं आपल्या कर्ण्याचा? चार टाळ, एक पखवाज, एक वीणा आणि ओसरीवर बसलेलीं दहा माणसें, एवढ्यावर उत्तम हरिपाठ होतो. तो तसाच व्हावयाचा होता.

आणि या सर्वांच्या मुळाशीं जें दुःख आहे त्याचा उच्चार केल्यावांचून गाण्याची चर्चा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. विशेष शाळा साधारणपणें अठराव्या वर्षीं संपते. पुढें चाळीस-पन्नास वर्षें उरतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें अशा प्रौढांस पालक नेमून देण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता आहेत. कायदा पालक देऊं शकतो. सोबती देऊं शकत नाहीं. 'आमच्यामागें याचें कसें?' असें सत्तरीचे आईबाप विचारतात तेव्हां त्यांस केवळ अन्नवस्त्राची काळजी नसते. याला नांवानें हांक मारणारा, हा आज कां आला नाहीं म्हणून घरीं चौकशीस येणारा, असा एक तरी माणूस रक्ताच्या नात्याबाहेर असावा, ही त्यांची इच्छा असते. भजनी मंडळांत ज्याची जागा ठरलेली आहे, तो आला नाहीं तर रांगेंत खिंड दिसते.

म्हणून अशा मंडळाची परीक्षा करावयास कोणी टीकाकार गेलाच, तर त्यानें प्रथम रांग पाहावी. हीं माणसें एका कोपऱ्यांत एकत्र उभीं केलीं आहेत कीं जाणत्या टाळकऱ्यांच्या मधून उभीं आहेत? पुढचा गाणारा त्यांच्यासाठीं लय धरतो कीं त्यांना टाकून धांवतो? सम एकत्र येते का? आणि गजर थांबला म्हणजे सर्वजण थांबतात का? शेवटची गोष्ट सर्वांत कठीण असते. नावाजलेल्या मंडळांसहि ती पुष्कळदां साधत नाहीं. जेथें ती चुकेल तेथें त्यानें तसें स्पष्ट लिहावें, गाणारांस भेटून सांगावें, आणि पुढील एकादशीस पुन्हा ऐकावयास जावें.